ईसीसी मेमरी, लिनक्स आणि झेडएफएस: फोंड्यातल्या ध्वनिसंग्रहासाठी जुळवलेलं यंत्र कसं निघालं

हे परीक्षण एका जुळवलेल्या यंत्राचं आहे, आणि खरं तर त्याच्या एकाच गुणाचं: मेमरीत चूक झाली तर हे यंत्र ती लपवत नाही. प्रोसेसर रायझन ५ प्रो ५६५०जी, १६ जीबीच्या दोन डीडीआर४ ईसीसी (मेमरीतली चूक ओळखून सुधारणाऱ्या) स्टिक, एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या ८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, सिस्टीमसाठी छोटी एसएसडी, वर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि ओपनझेडएफएस, म्हणजे झेडएफएस ही डिस्कवर फायली ठेवण्याची व्यवस्था (फाईलसिस्टीम). एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा जत्रांचा हंगाम या यंत्राने काढला आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कुठे गेला ते पुढे सांगते.

माझं काम जुन्या कॅसेट आणि स्पूल डिजिटल करून ठेवण्याचं. फोंडा तालुक्यात जत्रेला मराठी नाटक होत नाही असं देऊळ शोधावं लागेल, आणि गावोगाव भजनी मंडळं आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात कुणीतरी टेपरेकॉर्डर रंगमंचाच्या कडेला ठेवून केलेली ध्वनिमुद्रणं आज त्या घरांतल्या कपाटांत आहेत. गोव्याच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, लेप सुटू लागतो. काही कॅसेट एकदाच शेवटच्या वाजतात. एकदा का ती फाईल माझ्याकडे आली की ती नाटकाची किंवा भजनाची जगातली एकमेव प्रत असते. म्हणून फाईल वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहणं हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही. या कामाआधी बरीच वर्षं एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत सर्व्हर सांभाळायचं काम केलं, त्यामुळे लॉग वाचायची सवय आहे.

हे यंत्र घेण्याचं कारण म्हणजे आधीचं यंत्र. त्यात साधी मेमरी होती. कवळ्याच्या एका मंडळाच्या भजनात, मृदंगाच्या ठेक्याच्या मध्येच, एक बारीक "टक्" ऐकू येऊ लागला. कॅसेट पुन्हा लावली तर तिथे काही नव्हतं. फाईलची शा२५६ बेरीज काढली (फाईलमधल्या सगळ्या बिटांवरून निघणारा ओळख-आकडा, एक बिट बदलला तरी तो बदलतो), ती नोंदवलेल्या बेरजेशी जुळेना. यंत्र बंद करून चालू केलं, त्याच फाईलची बेरीज पुन्हा काढली, तर ती जुळली. डिस्कवरची फाईल ठीक होती. बिघडली होती ती मेमरीत वाचून ठेवलेली तिची प्रत, ज्याला पेज कॅश म्हणतात. लिनक्स एकदा वाचलेली फाईल मोकळ्या मेमरीत ठेवून देतं, म्हणजे पुढच्या वेळी डिस्ककडे जावं लागत नाही. त्या जागेतला एक बिट बिघडलेला असला तर तुम्हाला बिघडलेली फाईल ऐकू येते, आणि कुणी ती उघडून थोडी कापून पुन्हा जतन केली की बिघाड डिस्कवर कायमचा बसतो.

त्या एका बिटाचा हिशेब सांगते, कारण ध्वनीच्या कामात तो थेट कानाला कळतो. २४ बिटांच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक नमुना उणे ८३,८८,६०८ ते अधिक ८३,८८,६०७ यांच्यामधला एक आकडा असतो. वरून दुसरा बिट उलटला तर तो आकडा एकदम ४१,९४,३०४ ने सरकतो, म्हणजे कमाल पातळीच्या निम्म्याने. तो टक् ऐकू येतो. खालून चौथा बिट उलटला तर आकडा फक्त ८ ने सरकतो आणि जगातल्या कुठल्याही कानाला ते कळत नाही. ऐकू आलेल्या प्रत्येक टक्-मागे न ऐकू आलेल्या किती चुका असतील, या विचाराने मी अस्वस्थ झाले. फ्लॅक या, आवाज जराही न गमावता साठवणाऱ्या, फाईलच्या सुरुवातीला मूळ ध्वनीची एमडी५ बेरीज असते आणि प्रत्येक फ्रेमला १६ बिटांचा सीआरसी, म्हणजे तसाच तपासणीचा आकडा, असतो, हे खरं. पण बिट एन्कोड होण्याआधीच उलटला असेल तर ती बेरीज चुकलेल्या ध्वनीचीच काढली जाते, आणि पुढे कायम "सगळं ठीक" असं सांगत राहते. बॅकअपचंही तेच.

दुकानात नेल्यावर पहिलं उत्तर मिळालं व्हायरसचं. दुसरं, "बाय, रॅम काढून पिना खोडरबराने घासून बघूया." हे दुसरं उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या पावसाळ्यात स्लॉटमधल्या संपर्कावर परिणाम होतो आणि नीट बसवल्यावर चुका थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. पण माझ्या बाबतीत घासून फरक पडला नाही. तेव्हा मेमरी तपासणारं मेमटेस्ट८६+ लावलं.

या मोफत साधनाला इथे वेगळे गुण द्यायलाच हवेत. मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलं. त्यातून निघालेली "प्लस" शाखा बराच काळ नव्या यूईएफआय यंत्रांवर सुरूच होत नव्हती. २०२२ मधल्या ६.०० आवृत्तीपासून ते नव्याने लिहिलं गेलं आणि आता पेनड्राइव्हवरून सरळ सुरू होतं. ऑपरेटिंग सिस्टीम मध्ये नसते, त्यामुळे जवळजवळ सगळी मेमरी तपासता येते. एक रात्र चालू ठेवलं. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत तोच पत्ता, तोच बिट. म्हणजे अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने केलेली एकवेळची चूक नव्हे, चिपमधली एक पेशी कायमची अडकलेली होती. लोक मेमरीच्या चुकांचं नाव काढलं की वैश्विक किरणांबद्दल बोलतात. ते किरण खरे आहेत. पण २००९ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलचे दोन संशोधक यांनी गूगलच्या प्रत्यक्ष चालू सर्व्हरवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निष्कर्ष असा निघाला की बहुतेक चुका अशा कायमच्या दोषांतूनच येतात. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये किमान एक दुरुस्त करण्याजोगी चूक सापडली. मेमरी जुनी होईल तशा चुका वाढतात आणि ही वाढ दहा ते अठरा महिन्यांतच दिसू लागते, हेही त्यांनी मांडलं. तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला, हे मे महिन्यात पंख्याखाली सर्व्हर चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगण्यासारखं आहे.

मेमटेस्टच्या मर्यादा दोन. रात्रभर एकही चूक दिसली नाही म्हणून मेमरी चांगली असं सिद्ध होत नाही. आणि ते चालू असताना यंत्राचं दुसरं काही काम होत नाही. नवे भाग येईपर्यंत मी जुनं यंत्र मेममॅप या कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पर्यायावर चालवलं. तो खराब पत्ता आणि आजूबाजूचे ६४ केबी "राखीव" म्हणून सांगितले की कर्नेल तिथे पाऊलच ठेवत नाही. यंत्र सुरू करणाऱ्या ग्रबच्या फाईलमध्ये हे लिहिताना पर्यायातल्या डॉलर चिन्हाच्या आधी उलट्या तिरक्या रेघा द्याव्या लागतात, नाहीतर ग्रब ते चिन्ह स्वतःच गिळतं आणि पर्याय लागूच होत नाही. सुरू झाल्यावर कर्नेलच्या लॉगमध्ये ती जागा राखीव दाखवते ना, हे नक्की बघा.

आता खरेदीबद्दल. फोंड्यात, मडगावला किंवा पणजीला ईसीसी स्टिक दुकानाच्या कपाटात मिळत नाही. मागवून देतो म्हणणारे भेटतात. पणजीतल्या एका दुकानात तर मला आग्रहाने सांगितलं, "ताई, डीडीआर५ घ्या, त्यात ईसीसी आतच असतं." याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण हे सगळीकडे ऐकू येतं. डीडीआर५ च्या चिपमध्ये स्वतःच्या पोटातल्या चुका सुधारायची सोय असते, ती चिप दाट झाल्यामुळे घालावी लागली. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर, स्लॉटमध्ये, पिनांवर बिट उलटला तर तिचा उपयोग नाही. आणि आत काय सुधारलं हे सर्वसाधारण घरगुती यंत्रात कर्नेलला कळतच नाही. माझी गरज नेमकी कळण्याची होती. खरी ईसीसी स्टिक ओळखायची सोपी खूण म्हणजे डीडीआर४ मध्ये एका बाजूला आठऐवजी नऊ चिप असतात: ६४ बिटांच्या डेटाला ८ बिट तपासणीचे, एकूण ७२. त्यातून एक चुकलेला बिट सुधारता येतो आणि दोन चुकले तर निदान ओळखता येतात.

स्टिक शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवल्या, रात्रीच्या बसने पार्सल आलं. साध्या स्टिकच्या जवळपास दीडपट पैसे पडले. मागवताना "अनबफर्ड" असं लिहून घ्या. जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या "रजिस्टर्ड" स्टिक फार स्वस्त मिळतात, पण साध्या मदरबोर्डवर त्या चालत नाहीत. प्रोसेसरच्या नावातला "प्रो" हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या या पिढीच्या रायझनमध्ये "प्रो" असेल तरच ईसीसी चालतं. आणि मदरबोर्डच्या माहितीपत्रकात "ईसीसी स्टिक चालते" एवढंच लिहिलेलं असेल तर समाधान मानू नका. स्टिक चालते, पण तपासणीचे ८ बिट वापरले जात नाहीत, असेही बोर्ड आहेत.

म्हणून यंत्र जुळवून झाल्यावर डिस्क जोडायच्या आधी खात्री केली. डीएमआयडीकोड ही आज्ञा स्टिकची एकूण रुंदी ७२ आणि डेटाची रुंदी ६४ दाखवते, पण ही माहिती बायोस (मदरबोर्डवरचा मूळ कार्यक्रम) सांगतं आणि बायोस चुकीचंही सांगू शकतं. जास्त भरवशाची खूण कर्नेलच्या लॉगमध्ये असते. लिनक्समध्ये ईडॅक नावाची उपप्रणाली २००६ पासून आहे, ती प्रोसेसरच्या मेमरी नियंत्रकाशी थेट बोलते. तिचा एएमडीसाठीचा ड्रायव्हर चढला आणि लॉगमध्ये "डीरॅम ईसीसी एनेबल्ड" आलं की अर्धं काम झालं. प्रोसेसर नवा असेल तर कर्नेलही नवं घ्या. जुनं कर्नेल त्या प्रोसेसरला ओळखेलच असं नाही.

उरलेलं अर्धं काम म्हणजे चूक खरंच कळवली जाते का हे पाहणं. बायोसमध्ये मेमरीचा वेग तिच्या छापील ३२०० च्या वर थोडा थोडा ढकलत गेले. एका टप्प्यावर यंत्र सुरळीत चालत होतं, बेरजा जुळत होत्या, आणि ईडॅकचा "सीई काउंट" हा सुधारलेल्या चुकांचा आकडा मात्र वाढत होता. मला या यंत्रातलं सर्वांत आवडलेलं दृश्य हेच. साध्या मेमरीच्या यंत्रात याच अवस्थेत फायली गुपचूप बिघडल्या असत्या. इथे प्रत्येक चूक जागच्या जागी सुधारली गेली आणि तिची नोंदही झाली. वेग पुन्हा मूळ जागी आणला आणि आकडा शून्यावर थांबला. त्यानंतर रासडीमन हा कार्यक्रम बसवला. तो या नोंदी एका छोट्या डेटाबेसमध्ये साठवतो, वेळ आणि स्टिकसह. सोय चालू असलेल्या बांधणीत तो आणखी एक काम करतो: एकाच पानावर, म्हणजे मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्यावर, मूळ मांडणीनुसार २४ तासांत ५० चुका झाल्या की ते पान वापरातून काढायला कर्नेलला सांगतो. कर्नेल त्यातला डेटा दुसऱ्या पानावर हलवतं आणि जुनं पान बाजूला ठेवतं. चालू असलेल्या कार्यक्रमाला याचा पत्ताही लागत नाही.

इथे मला केरीच्या केसरबाई केरकरांची आठवण येते. त्यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या सुवर्ण तबकडीवरून अवकाशात गेला, हे आपल्या तालुक्यात प्रत्येकाला माहीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच व्हॉयेजर १ कडून अर्थहीन आकडे येऊ लागले. कारण निघालं एका संगणकाच्या मेमरीतली एक बिघडलेली चिप. चिप बदलणं अशक्य, यान सुमारे २४ अब्ज किलोमीटरवर. तिथे राहणारा कार्यक्रम एकत्र मावेल अशी दुसरी जागाही नव्हती. अभियंत्यांनी त्याचे तुकडे करून ते चांगल्या मेमरीत ठिकठिकाणी बसवले आणि एप्रिल २०२४ मध्ये यानाची खुशाली पुन्हा नीट कळू लागली. खराब जागा ओळखायची आणि तिथून बिऱ्हाड हलवायचं, हीच ती पद्धत. माझ्या टेबलावरचं कर्नेल हे कुणी माणूस न बसता करतं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

एक बिट सुधारता येतो, पण दोन चुकले तर? हा भाग खरेदीदारांना कुणी सांगत नाही. चूक सुधारण्यापलीकडे गेली की प्रोसेसर कर्नेलला कळवतो आणि कर्नेलमधली हार्डवेअर पॉयझन नावाची यंत्रणा कामाला लागते. इंटेलचे अँडी क्लीन यांनी लिहिलेली ही यंत्रणा २००९ मध्ये २.६.३२ आवृत्तीत आली. ते पान कुणाचं आहे यावर पुढचं सगळं ठरतं. एखाद्या फाईलची न बदललेली प्रत असेल तर कर्नेल ती टाकून देतं आणि फाईल डिस्कवरून नव्याने वाचतं. एखाद्या कार्यक्रमाची स्वतःचा डेटा असेल तर त्या कार्यक्रमाला सिगबस हा इशारा जातो आणि बहुधा तो बंद पडतो. कर्नेलचं स्वतःचं पान असेल तर वाचवण्यासारखं काही उरत नाही आणि यंत्र थांबतं.

मी हे कर्नेलच्या चाचणी मॉड्यूलने करून पाहिलं, म्हणजे एखादं पान खोटंच "विषारी" ठरवून. ईएक्सटी४ या फाईलसिस्टीमवरच्या न बदललेल्या फाईलच्या बाबतीत लॉगमध्ये "क्लीन एलआरयू पेज: रिकव्हर्ड" असं आलं, फाईल पुन्हा वाचली, शा२५६ जुळली. कर्नेलच्या मेमइन्फो या मेमरीच्या तक्त्यातला "हार्डवेअर करप्टेड" हा आकडा ४ केबीने वाढला. अगदी चोख. मग नुकत्याच लिहिलेल्या, अजून डिस्कवर न पोचलेल्या फाईलवर तेच केलं. लॉगमध्ये पुन्हा "डर्टी एलआरयू पेज: रिकव्हर्ड". पण तो डेटा गेला. डिस्कवर जुनाच मजकूर राहिला. कर्नेल त्या फाईलवर चूक नोंदवून ठेवतं आणि पुढच्या एफसिंकला (लिहिलेलं डिस्कवर पोचव, या विनंतीला) ईआयओ, म्हणजे लिहिण्यात चूक, हे उत्तर देतं, तेही एकदाच. ध्वनिमुद्रणाच्या कार्यक्रमाने एफसिंकच केलं नाही, किंवा उत्तर पाहिलंच नाही, तर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. "रिकव्हर्ड" हा शब्द या जागी माझ्या मते घातक आहे आणि बदलायला हवा. मी फायलींची नक्कल करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाईलनंतर एफसिंक करून त्याचं उत्तर तपासते आणि पुन्हा वाचून बेरीज जुळवते.

आणखी एक गोष्ट. चाचणीत खोटी चूक होती. खऱ्या चुकीतून यंत्र चालू ठेवून सावरायला प्रोसेसरचीही साथ लागते. इंटेलने ती झिऑन ७५०० या मोठ्या सर्व्हरच्या मालिकेत २०१० मध्ये आणली. माझ्यासारख्या टेबलावरच्या यंत्रात दोन बिट चुकले की यंत्र थांबतं किंवा रीस्टार्ट होतं, असंच धरून चालावं. मला ते मान्य आहे. नाटकाच्या दुसऱ्या अंकाच्या मध्ये यंत्र थांबलं तर बहुतेक वेळा कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावता येते. चुकीचा अंक बरोबर समजून जपला गेला तर तो परत आणता येत नाही.

झेडएफएसबद्दल आता. ती मी निवडली कारण प्रत्येक तुकड्याची बेरीज ती वेगळ्या जागी ठेवते आणि दोन डिस्कपैकी एकीवरचा तुकडा बिघडला तर दुसरीवरून सुधारते. डेबियनमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सगळ्या डिस्कची झडती आपोआप सुरू होते. त्या दिवशी मी मुद्दाम दुसरं काम लावत नाही. पण झेडएफएस आहे म्हणजे मेमरीची काळजी नको, हा समज चुकीचा आहे. बेरीज काढण्याआधी बिट उलटला तर झेडएफएस चुकीच्या डेटाची बेरीज इमानाने काढते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये झेडएफएसवर मुद्दाम चुका घालून पाहिलं होतं. डिस्कच्या चुकांपुढे ती भक्कम ठरली, मेमरीच्या चुकांपुढे नाही. उलट बाजूने, ईसीसी नसेल तर झेडएफएस वापरूच नका, ती झडतीत सगळा संग्रह खाऊन टाकेल, अशी भीतीही पसरलेली आहे. झेडएफएसच्या मूळ लेखकांपैकी मॅथ्यू ॲरेन्स यांनी स्पष्ट सांगितलं आहे की ईसीसीची गरज झेडएफएसला इतर कुठल्याही फाईलसिस्टीमपेक्षा जास्त नाही. मला ते पटतं. गरज डेटाला आहे, मग फाईलसिस्टीम कुठलीही असो.

झेडएफएसची एक उणीव मात्र या यंत्रात खरोखर जाणवते. वाचलेला डेटा ती लिनक्सच्या पेज कॅशमध्ये न ठेवता आपल्या स्वतंत्र एआरसी या साठ्यात ठेवते. कर्नेलच्या दृष्टीने ती पानं कर्नेलचीच, आत काय आहे हे त्याला माहीत नाही. त्यामुळे वर सांगितलेली "टाकून दे, पुन्हा वाच" ही सुंदर सोय एआरसीला मिळत नाही. ३२ जीबीतला बराच मोठा भाग एआरसीच वापरते, म्हणजे ही उणीव लहान नाही. ओपनझेडएफएसने यात लक्ष घालावं असं मला फार वाटतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस स्वतःच्या रचनेवर बेरजा ठेवतात, तुमच्या फाईलीतल्या मजकुरावर नाही. बीटीआरएफएस दोन्हींवर ठेवते, आणि कर्नेल ५.२ पासून डिस्कवर लिहिण्याआधी ती आपली रचना वाचून तपासते. काही अशक्य दिसलं तर लिहायला नकार देते आणि फाईलसिस्टीम फक्त-वाचनावर नेते. मेमरीतल्या चुका पकडायला ही तपासणी फार उपयोगी आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये ईसीसी नाही, म्हणून तिथे मी बीटीआरएफएस ठेवली आहे.

ज्यांना हे सगळं अति वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य यंत्रातली मेमरी खराब झाली. त्यात ईसीसी नव्हतं. कर्नेल ६.१ साठी लोकांचं काम गोळा करण्याची तीच धांदल, आणि कार्यक्रम विनाकारण कोसळू लागले. त्यांना काही काम लॅपटॉपवर उरकावं लागलं. डेबियन १२ मध्ये नेमकं हेच ६.१ कर्नेल आहे. ज्या माणसाने लिनक्स लिहिलं त्याचाही वेळ एका बिघडलेल्या स्टिकने खाल्ला, तर आपला खाणार नाही असं समजायला जागा नाही.

तो अर्धा गुण. चूक कुठल्या स्टिकवर झाली हे ईडॅक "एमसी०, चॅनल १" अशा भाषेत सांगतं, आणि मदरबोर्डवर छापलेलं असतं "ए२", "बी२". दोन्हींचा मेळ बोर्ड बनवणाऱ्यांनी द्यायला हवा, पण घरगुती बोर्डांच्या बाबतीत तो क्वचितच मिळतो. मी एकेक स्टिक काढून, वेग वाढवून चुका घडवून, मेळ स्वतः शोधला आणि रासडीमनच्या लेबलांच्या फाईलमध्ये लिहिला. आता चुकांच्या नोंदीत थेट "बी२" येतं. तोच बोर्ड कुणाकडे असेल तर ती फाईल मी आनंदाने देईन. दुसरी तक्रार अशी की सीई काउंट वाढला तर तोंडाने सांगणारं काही सोबत येत नाही. मला रोज सकाळी मेल पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागली, आणि हे प्रत्येकाला जमेल असं नाही.

फोटो, सिनेमे, शाळेचे कागद एवढंच साठवायचं असेल आणि दुसरीकडे प्रत असेल तर इतका खर्च करू नका. चांगली साधी मेमरी घ्या, पहिल्या दिवशी आणि नंतर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मेमटेस्ट८६+ लावा. देवस्थानांची दप्तरं, वाचनालयांचे जुने अंक, नाटक मंडळ्यांची ध्वनिमुद्रणं, कौटुंबिक पोथ्यांची छायाचित्रं जमवणाऱ्यांनी मात्र ईसीसीवाचून काम सुरू करू नये. त्याच मापाची एक जादा स्टिक मी लॅमिंग्टन रोडवरून मागवून सिलिका जेलच्या डब्यात ठेवली आहे. श्रावणात सप्ताहाचं काम अंगावर असताना बी२ वर चुका वाढू लागल्या तर पार्सलच्या बसची वाट बघायला लागणार नाही.